सी ड्राइव्ह म्हणजे अख्खा संगणक नव्हे

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि जुन्या संगणकांचे करायचे काय, हा प्रश्न घरोघरी व छोट्या कार्यालयांत उभा राहिला. फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की जुने यंत्रही तरतरीत होते, हे खरेच. दुकानदार मात्र ‘फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकतो’ म्हणतो. त्याचे काम त्यात लवकर उरकते. पण ज्याच्याकडे वर्षानुवर्षांचे टॅली आहे, जुन्या फॉन्टमधले डीटीपीचे काम आहे, सीडी कधीच हरवलेली सॉफ्टवेअर आहेत, त्याला ते परवडत नाही. त्याच्यासाठी क्लोनिंग, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवणेच रास्त.

गफलत होते ती ‘सी ड्राइव्ह कॉपी केला की झाले’ या समजात. विंडोजमधले डिस्क मॅनेजमेंट उघडून पाहावे. बहुतेक नव्या संगणकांत सीच्या शेजारी शंभरेक एमबीचा, कोणतेही अक्षर नसलेला एक कप्पा दिसतो. तो ईएफआय सिस्टीम पार्टिशन. संगणक सुरू होताना त्याच्या मदरबोर्डवरचे यूईएफआय हे फर्मवेअर आधी तिथली बूट फाइल शोधते आणि ती फाइल मग सीवरच्या विंडोजला हाक मारते. हा कप्पा नव्या डिस्कवर आलाच नाही, तर सी जसाच्या तसा असूनही पडद्यावर बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा संदेश झळकतो. तो कप्पा ‘बीसीडीबूट’ या आज्ञेने पुन्हा उभा करता येतो, पण त्यापेक्षा पूर्ण डिस्कच क्लोन करणे शहाणपणाचे. तैवानमध्ये विकसित झालेले क्लोनझिला हे काम फुकटात करते. मात्र नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असेल, तर ते एरवी अडून बसते, जुनीवर निम्मी जागा रिकामी असली तरी.

खरा धोका तांत्रिक नाहीच. कोणत्या डिस्कवरून कोणत्या डिस्कवर, हे निवडताना हात चुकला, तर कोऱ्या डिस्कची कॉपी भरलेल्या डिस्कवर बसते आणि काही मिनिटांत सगळा हिशेब पुसला जातो. दोन्ही डिस्क ५०० जीबीच्या असतील, तर नुसत्या आकड्यावर विसंबू नये. मॉडेल आणि सिरियल नंबर जुळवूनच पुढे जावे. डिस्क कुलूपबंद करणारे विंडोजचे बिटलॉकर चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यावी. आणि जुनी डिस्क कटकट आवाज करत असेल, तर क्लोनिंगच्या फंदात न पडता आधी महत्त्वाच्या फाइली बाहेर काढाव्यात.

काम झाल्यावर संगणक बंद करून जुनी डिस्क काढावी आणि पहिल्यांदा तो नव्या डिस्कवरच सुरू करावा. दोन जुळ्या डिस्क एकत्र जोडल्या, तर दोघींची ओळख एकच असल्याने विंडोज कधी त्यातली एक ऑफलाइन करते, तर कधी भलत्याच डिस्कवरून बूट होते. क्लोन म्हणजे बॅकअप, असेही कुणी समजू नये. डिस्कवर व्हायरस असेल, तर तोही इमानेइतबारे नव्या घरी येतो.

जुनी डिस्क मात्र लगेच फॉरमॅट करू नका. टॅली उघडते का, प्रिंटर चालतो का, हे काही आठवडे पाहा. मगच ती पूर्ण पुसा. न पुसलेली डिस्क भंगारात अजिबात देऊ नका.