भय, सोंग आणि डावपेच : ज्येष्ठांनी कोणता खेळ केव्हा खेळावा?



दिवाळी सरली आणि साखर कारखान्यांची धुराडी पेटली, की बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडू लागतात. आमच्या तेलगावला स्वतःचा सहकारी साखर कारखाना आहे. तरीही आसपासच्या गावांतील कितीतरी जोडपी कोयता घेऊन कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे किंवा कर्नाटकात जातात. शाळा बुडू नये म्हणून मुले आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. अशा घरात दोन थकलेली माणसे, दोन नातवंडे आणि बहुधा एकच मोबाइल असतो. रात्री फडावरून आईबापांचा फोन येतो तो याच मोबाइलवर आणि बोलणे संपताच नातू खेळ उघडतो तोही याच मोबाइलवर. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, घराघरांत हेच चालते.

पडद्यावरील या साऱ्या प्रकाराला आपण सरसकट ‘गेम’ म्हणतो आणि सरसकटच त्यावर रागावतो. निवृत्तीनंतर हे खेळ मी स्वतः शिकलो, आणि आता माझे मत असे झाले आहे की त्यांच्यात औषधांइतकाच फरक असतो. एक सकाळी घ्यावे, एक जेवणानंतर घ्यावे, एक काही रुग्णांनी घेऊच नये. हॉरर, रोल-प्लेइंग आणि स्ट्रॅटेजी या तीन प्रकारांविषयी, म्हणजे भय, सोंग आणि डावपेच यांविषयी, एका वयस्क खेळाडूच्या नात्याने आज आपल्याशी बोलावयाचे आहे.

भयाचा खेळ

मुंज्या, हडळ, चकवा यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आणि पुढे नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या कथा वाचलेल्या पिढीला भयाचे आकर्षण नवे नाही. कथेत मात्र अंधाऱ्या खोलीचे दार दुसरा कोणीतरी उघडतो; खेळात ते आपल्यालाच उघडावे लागते. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा ‘रेसिडेंट ईव्हिल’ १९९६ साली आला. त्यातील वाड्यात अडकलेल्या खेळाडूजवळ बंदुकीच्या गोळ्या मोजक्या असतात आणि खेळ जतन करण्यासाठी लागणारी टंकलेखन यंत्राची शाईफीतही मोजकीच असते. अंगावर येणाऱ्या प्रेतांपेक्षा या टंचाईचेच भय अधिक वाटते. १९९९ सालच्या कोनामी कंपनीच्या ‘सायलेंट हिल’मध्ये गावभर धुके पसरलेले असते आणि काही अमंगल जवळ आले की खिशातील रेडिओ खरखरू लागतो. त्या काळच्या यंत्रास दूरचे दृश्य रंगवणे जड जात असे. निर्मात्यांनी ती उणीव धुक्याने झाकली आणि त्यातूनच खेळाचे भय जन्मास आले. रक्ताचे पाट दाखवणाऱ्या खेळांपेक्षा हे धुके मला श्रेष्ठ वाटते.

रसिकता बाजूला ठेवून आता प्रकृतीकडे वळू. भय खोटे आहे हे बुद्धीला ठाऊक असले तरी शरीर ते खरे मानते. अॅड्रेनालिन वाढते, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, श्वास उथळ होतो. निरोगी माणसात हे काही मिनिटांत निवळते. ज्यांना हृदयशूळ आहे, ज्यांचे ठोके अनियमित पडतात किंवा ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज या वाटेस जाऊ नये. अपस्माराचा त्रास असलेल्यांना लुकलुकणारा प्रकाश घातक ठरू शकतो. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी आवाज आधीच कमी करून ठेवावा. शुश्रूषा करणाऱ्यांना माझी विशेष विनंती आहे, की स्मृतिभ्रंश असलेल्या किंवा भास होणाऱ्या व्यक्तीच्या खोलीत हे खेळ लावू नयेत. पडद्यावरील आकृती आणि घरातील माणूस यांतील सीमारेषा त्यांच्यासाठी पुसट झालेली असते.

याच प्रकारातील ‘नेव्हरमाइंड’ हा २०१५ सालचा खेळ मला उल्लेखनीय वाटतो. हृदयाचे ठोके मोजणारे उपकरण त्यास जोडता येते. खेळाडू घाबरला की खेळ अधिक कठीण होतो आणि त्याने स्वतःला शांत केले की सौम्य होतो. दीर्घ श्वसनाचे महत्त्व पटवण्याची ही पद्धत चतुर आहे. इतर भयखेळ खेळावयाचेच असतील तर दिवसाउजेडी, अर्धा तास, आणि घरात कोणी जागे असताना खेळावेत. झोपण्यापूर्वी ते टाळावेत. उतारवयात आधीच तुटक असणाऱ्या झोपेचे त्याने आणखी तुकडे होतात.

सोंगाचा खेळ

रोल-प्लेइंग म्हणजे दुसऱ्याचे आयुष्य काही काळ जगणे. ज्यांनी गावात बहुरूपी पाहिले आहेत किंवा भारुडातील सोंगे पाहत रात्र जागवली आहे, त्यांना ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. १९८६ साली जपानमध्ये निघालेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने या प्रकारास जी घडण दिली ती ज्येष्ठांना विशेष मानवणारी आहे. लढाईतही खेळ आपल्या आज्ञेची वाट पाहतो. बोटे मंद चालली तरी बिघडत नाही.

या प्रकारातील माझा आवडता खेळ २०१५ सालचा ‘द विचर ३’. राक्षसांचा पारध करणारा नायक त्यात गावोगाव हिंडतो. एका गावात एक म्हातारी त्याला थांबवते आणि उसना नेलेला आपला तवा परत मिळवून देण्याची विनंती करते. एवढ्या बलाढ्य नायकाने तव्यासाठी थांबावे की पुढे जावे, हे खेळाडूने ठरवावयाचे असते. तलवारीच्या लढाया मी विसरलो. तवा मात्र लक्षात आहे. आपल्याकडील उदाहरण द्यावयाचे तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली ‘राजी’ हा खेळ प्रसिद्ध केला. राक्षसांनी पळवून नेलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या बहिणीची ती कथा आहे आणि तिचे काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या ढंगात रंगवले आहेत. काटेकोरपणे पाहता तो साहसखेळ आहे, पण सोंगाची गोडी त्यातही आहे. लढायांची गती मात्र आमच्या वयाला जरा जास्तच वाटते.

एकाकीपणावर हा प्रकार उतारा ठरू शकतो. १९३६ साली जन्मलेल्या अमेरिकेतील शर्ली करी या आजी ‘स्कायरिम’ या खेळातील आपली भ्रमंती चित्रफितींतून दाखवू लागल्या आणि त्यांच्या प्रेक्षकांना त्या ‘नातवंडे’ म्हणू लागल्या. जपानच्या हामाको मोरी यांची खेळांच्या चित्रफिती करणारी सर्वांत वयस्क यूट्यूबर म्हणून गिनीज बुकात नोंद झाली ती २०२० साली, वयाच्या नव्वदीत. तरीही एक सावधगिरी आवश्यक आहे. पडद्यावरचे गाव जवळचे वाटू लागले आणि शेजारची ओसरी दूरची वाटू लागली, तर खेळ मागे घ्यावा. नायकाच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या, गरगर फिरणाऱ्या दृश्यांनी मळमळ किंवा चक्कर येत असेल, तर तो खेळ त्याच क्षणी बंद करून दूर कोठेतरी स्थिर वस्तूकडे पाहावे. आधीच तोल जाण्याचा त्रास असलेल्यांनी लगेच उठून उभे राहू नये.

डावपेचांचा खेळ

माझा कौल या तिसऱ्या प्रकारास आहे. सोंगट्या, बुद्धिबळ, वाघबकरी, नवकंकरी हे आपल्या अंगणातलेच खेळ. सिड मायर यांचा १९९१ सालचा ‘सिव्हिलायझेशन’ त्याच जातीचा. एक वस्ती वसवून हजारो वर्षांचा कारभार त्यात पाहावयाचा असतो. मराठी वाचकास २००९ सालच्या ‘एम्पायर : टोटल वॉर’चे कौतुक वाटेल, कारण त्यात मराठ्यांच्या बाजूने खेळता येते. खेळ सुरू होतो १७०० सालापासून, म्हणजे राजाराम महाराजांच्या निधनाच्या वर्षापासून. त्यात मराठ्यांना दिलेले ‘संघा’चे रूप इतिहासात पुढे पेशवाईत आकारास आले, ही त्यातील ढिलाई मला खटकते. परंतु मोगलांच्या अवाढव्य सत्तेसमोर तिजोरी, धान्य आणि फौज यांचा मेळ घालताना मेंदूस खरा व्यायाम होतो. हात थरथरत असतील तर लढाईचा निकाल संगणकावर सोपवता येतो. कारभाराच्या चाली तर सावकाश, पाळीपाळीनेच करावयाच्या असतात.

या व्यायामाविषयी संशोधनही झाले आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साठी-सत्तरीतील ४० व्यक्ती होत्या. त्यांतील निम्म्यांना ‘राइज ऑफ नेशन्स’ हा डावपेचांचा खेळ सुमारे साडेतेवीस तास शिकवला गेला. एका कामावरून दुसऱ्या कामाकडे लक्ष वळवणे, तात्पुरते लक्षात ठेवणे आणि तर्क करणे यांत त्यांची प्रगती न खेळलेल्यांपेक्षा अधिक दिसली. अभ्यास लहान आहे आणि खेळाने स्मृतिभ्रंश टळतो असे त्यावरून म्हणता येत नाही. चालणे, पुरेशी झोप, रक्तदाब व साखरेचे नियंत्रण आणि माणसांची सोबत यांची जागा कोणताही खेळ घेत नाही.

धोका आहे तो ‘आणखी एकच चाल’ या मोहाचा. त्या मोहात जेवणाची वेळ टळते, इन्सुलिन घेतलेल्याची साखर उतरते, रक्तदाबाची गोळी राहून जाते, लघवी रोखून धरली जाते, पाय लोंबकळत राहिल्याने सुजतात. म्हणून खेळास बसण्यापूर्वी गजर लावावा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवरील वस्तूकडे पाहावे आणि तासाभराने अंगणात एक फेरी मारावी. ज्यांच्याजवळ संगणक नाही त्यांनी मोबाइलवर बुद्धिबळ खेळावे. ‘लिचेस’ हे ॲप विनामूल्य आणि जाहिरातविरहित आहे.

नातवाच्या हातातील मोबाइल

हे सारे आजी-आजोबांनी जाणून घ्यावे याचे आणखी एक कारण आहे. सहा महिने आईबापांची जागा आपण भरून काढत असतो, आणि ज्या खेळाचे नावही आपणास ठाऊक नाही त्याविषयी केलेला उपदेश नातू मनावर घेत नाही. त्याच्याजवळ बसून ‘हा कोण? याच्यामागे का लागला आहेस? हरलास तर काय होते?’ असे विचारून पाहावे. प्ले स्टोअरवर खेळाच्या नावासोबत वयोमर्यादा दिलेली असते. अठरा वर्षांवरील भयखेळ आठ वर्षांच्या मुलाच्या हाती असेल तर रात्री तो दचकून का उठतो याचे उत्तर तेथेच मिळेल. फडावर असलेल्या आईच्या काळजीने आधीच हळवे झालेले मूल भयास लवकर बळी पडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश असून ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळास अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे, ही त्याची लक्षणे आहेत. साधारणतः बारा महिने ती टिकून असावी लागतात. सुट्टीत दोन दिवस अधिक खेळणाऱ्या मुलास व्यसनी ठरवू नये. लक्षणे खरोखरच दिसत असतील तर ‘टेली-मानस’च्या १४४१६ या शासकीय क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

पैशांविषयी मात्र कठोर राहावे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. इतर खेळांतही तलवारी, पोशाख विकत घेता येतात. आपली पेन्शन किंवा मुलाने पाठवलेली रक्कम ज्या खात्यात येते ते खाते याच मोबाइलला जोडलेले असते, म्हणून यूपीआयचा पिन नातवासही सांगू नये. फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

आज सायंकाळी नातवाला बुद्धिबळाचा एक डाव मांडावयास सांगा, पटावर किंवा पडद्यावर. फडावरून फोन आला की त्याच्या आईला डाव कोणी जिंकला ते त्यालाच सांगू द्या.