जिम ब्राउन : वजावट न होणारा हिशेब

पाडलं की जिम ब्राउन सावकाश उठायचा. अगदी म्हाताऱ्या माणसासारखा, हात जमिनीला टेकवून, एकेक गुडघा उचलत. मग रेंगाळत आपल्या संघाच्या घोळक्याकडे जायचा. पाडणाऱ्यांना वाटायचं, गडी दमला. पुढच्याच खेळीत तो त्यांच्यातल्या दोघातिघांना अंगाला लोंबकळत ठेवून पुढे सरकलेला असायचा. लागलेलं असो वा नसो, उठायचं त्याच संथपणे. म्हणजे खरंच कधी लागलं हे समोरच्याला कळूच नये. नऊ हंगामांत तो एकाही सामन्याला मुकला नाही.

18 मे 2023 रोजी, वयाच्या 87व्या वर्षी, ब्राउन गेला. अमेरिकन वर्तमानपत्रांच्या मृत्युलेखांत तेव्हा एक विशेषण पुन्हापुन्हा डोकावत होतं: गुंतागुंतीचा. हा शब्द मोठा सोयीचा. तो वापरला की स्तुतीही होते, दोषही उल्लेखले जातात, आणि निवाडा करायची वेळ टळते. आमच्या मते ब्राउनच्या बाबतीत निवाडा टाळायला नको. तो एका वाक्यात होणार नाही, एवढंच.

आधी मैदान, कारण तिथे वाद फारसा नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडूला पाय क्वचितच लागतो. ‘रनिंग बॅक’चं काम म्हणजे चेंडू छातीशी कवटाळून समोरच्या अकरा जणांच्या भिंतीतून वाट काढणं. कबड्डीत चार जणांनी धरलेला चढाईपटू मध्यरेषेकडे हात लांबवत सरपटतो, तो क्षण आठवा. ब्राउनच्या वाट्याला असे क्षण सामन्यागणिक सरासरी वीस यायचे. 1957 ते 1965 या काळात क्लीव्हलँड ब्राउन्सकडून 118 सामन्यांत तो 12,312 यार्ड धावला. दर धावेला 5.2 यार्ड, दर सामन्याला 104.3. त्या नऊपैकी आठ हंगामांत लीगमध्ये सर्वाधिक यार्ड त्याचेच. एकूण यार्डांचा त्याचा विक्रम 1984 मध्ये वॉल्टर पेटनने मोडला आणि आज तो एमिट स्मिथच्या नावावर आहे: 18,355 यार्ड. पण स्मिथला त्यासाठी 226 सामने लागले. सबंध कारकिर्दीत सामन्यामागे शंभर यार्डांच्या वर सरासरी राखणारा ब्राउन आजही एकटाच. (संघाच्या नावाशी त्याचा संबंध नाही, ते पहिले प्रशिक्षक पॉल ब्राउन यांच्यावरून पडलेलं. आडनाव जुळलं, इतकंच.)

त्यातही काही जाणकार सांगतात की त्याचा खरा खेळ लॅक्रॉस होता, लांब दांड्याच्या टोकाला जाळी लावून खेळतात तो. सिरॅक्यूज विद्यापीठातल्या शेवटच्या हंगामात त्याने दहा सामन्यांत 43 गोल केले. फुटबॉल आणि लॅक्रॉस, दोन्हींच्या राष्ट्रीय सन्मानदालनांत त्याचं नाव आहे. सहा फूट दोन इंच उंची, 105 किलो वजन, आणि त्या देहाला न शोभणारा वेग. पण वर्णद्वेषी अमेरिकेत एवढंही पुरेसं नसायचं. 1956 मध्ये सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूच्या हाइझमन करंडकाच्या मतदानात तो पाचवा आला. करंडक मिळाला पॉल हॉर्नंगला, ज्याचा नॉत्र दाम संघ त्या हंगामात बहुतेक सामने हरला होता.

हा खेळाडू घडवणारं बालपण साधं नव्हतं. जन्म 17 फेब्रुवारी 1936 चा, जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या सेंट सायमन्स बेटावर. बाप मुष्टियोद्धा, लवकरच घर सोडून गेलेला. आई उत्तरेत न्यूयॉर्कजवळ लोकांच्या घरी कामाला. मुलगा पणजीजवळ वाढला. आठव्या वर्षी तो आईकडे गेला आणि पुढे मॅनहॅसेटच्या शाळेत, बहुतांश गोऱ्या मुलांमध्ये, पाच खेळांत चमकला. सिरॅक्यूजने त्याला आधी शिष्यवृत्ती दिलीच नव्हती. गावातल्या केनेथ मोलॉय नावाच्या वकिलाने ओळखीच्या लोकांकडून वर्गणी काढून पहिल्या वर्षाचा खर्च भागवला, आणि पोराला मात्र आपण शिष्यवृत्तीवर शिकतोय असंच वाटत राहिलं. तेव्हा ‘कुणाच्याही मेहरबानीवर जगायचं नाही’ असं आयुष्यभर बजावणाऱ्या या माणसाची सुरुवात काही भल्या माणसांच्या गुपचूप मदतीने झाली होती. आम्ही हे त्याला कमीपणा आणायला सांगत नाही. स्वावलंबनाच्या त्याच्या शिकवणीकडे मागे वळून पाहताना ते लक्षात असलेलं बरं.

1964 मध्ये क्लीव्हलँडने बाल्टिमोर कोल्ट्सला 27-0 असं हरवून लीगचं विजेतेपद मिळवलं. त्या शहराला फुटबॉलचं अजिंक्यपद त्यानंतर मिळालेलं नाही. 1965 मध्ये ब्राउन तिसऱ्यांदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि 1966 च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडात ‘द डर्टी डझन’चं चित्रीकरण करत होता. पावसामुळे चित्रीकरण लांबलं. संघमालक आर्ट मॉडेल यांनी, सराव शिबिराला उशीर झाला तर दंड लावू, अशी धमकी दिली. ब्राउनने चित्रपटाच्या सेटवरच निवृत्ती जाहीर केली. वय तीस.

या निर्णयाचं महत्त्व आज अधिक कळतं. त्या काळात खेळाडू म्हणजे मालकाची मालमत्ता. कृष्णवर्णीय खेळाडू तर दुहेरी मालमत्ता. शरीर खिळखिळं होईपर्यंत खेळायचं, मग मालकाने काढून टाकायचं, असा रिवाज. ब्राउनने तो उलटवला. रनिंग बॅकचे गुडघे आणि मेंदू या खेळात कसे झिजतात हे आता आपण जाणतो. तो स्वतःच्या पायांनी, धडधाकट, बाहेर पडला. पुढे ‘100 रायफल्स’मध्ये रॅकेल वेल्चबरोबरच्या त्याच्या प्रणयदृश्याने गोऱ्या अमेरिकेच्या भुवया उंचावल्या, पण अभिनेता म्हणून तो बेताचाच. चित्रपट हा त्याच्यासाठी दुसरा धंदा होता, आणि तो तसंच मानायचा.

पैसा हाच त्याच्या राजकारणाचाही गाभा. मराठी वाचकाला त्या काळचं कृष्णवर्णीय राजकारण मुख्यतः ब्लॅक पँथरमुळे ठाऊक आहे, कारण 1972 मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव तिथूनच घेतलं. ब्राउनची वाट मात्र वेगळी. मोर्चे आणि धरण्यांवर त्याचा फार विश्वास नव्हता. आपल्या माणसांच्या हातात दुकानं, कर्ज, भांडवल आलं पाहिजे, हा त्याचा धोशा. त्यासाठी 1966 मध्ये त्याने खेळाडूंना बरोबर घेऊन एक संघटना उभारली. पुढे ती ‘ब्लॅक इकॉनॉमिक युनियन’ म्हणून ओळखली गेली. 1968 मध्ये निक्सनला पाठिंबा आणि तब्बल पन्नास वर्षांनी, 2018 मध्ये, व्हाइट हाऊसमध्ये ट्रम्प यांची भेट, हे त्याच विचाराच्या ओघात आलं. राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकणाऱ्या खेळाडूंच्या मार्गाशीही तो सहमत नव्हता. अनेकांना त्यात फितुरी दिसली. आम्हाला त्यात फितुरीपेक्षा हट्टी सातत्य दिसतं. मात्र धंद्याने वर्णद्वेष हटेल, ही त्याची श्रद्धा पन्नास वर्षांत फारशी फळली नाही, हेही तितकंच खरं.

सर्वांत गाजलेला प्रसंग 4 जून 1967 चा. व्हिएतनामच्या लढाईसाठी सैन्यभरती नाकारल्यामुळे मुहम्मद अलीचा किताब गेला होता, तुरुंग समोर दिसत होता. ब्राउनने क्लीव्हलँडमधल्या आपल्या संघटनेच्या कार्यालयात अव्वल कृष्णवर्णीय खेळाडूंना बोलावलं. नंतरच्या पत्रकार परिषदेचं छायाचित्र प्रसिद्ध आहे: पुढच्या रांगेत बिल रसेल, अली, ब्राउन आणि वीस वर्षांचा ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार. मागे कार्ल स्टोक्सही आहेत. ते त्याच वर्षी क्लीव्हलँडचे महापौर म्हणून निवडून आले. आता हे चित्र ‘सगळे अलीच्या पाठीशी उभे राहिले’ अशा मथळ्याखाली लावलं जातं. प्रत्यक्षात जमलेल्यांपैकी काही स्वतः सैन्यात राहून आलेले होते आणि अलीला वाकवता येतं का, हे पाहायला आले होते. शिवाय अलीच्या लढतींच्या प्रक्षेपणाच्या धंद्यात ब्राउनची भागीदारी होती. अली रिंगणात परतण्यात त्याचा स्वतःचाही लाभ होता. बंद खोलीत अलीला तासन्‌तास प्रश्न विचारले गेले. तो हलला नाही. तेव्हा हे सगळे बाहेर आले आणि त्याच्या शेजारी बसले. आमच्या दृष्टीने यामुळे प्रसंगाचं मोल घटत नाही, उलट वाढतं. आपला तोटा दिसत असूनही ब्राउन त्या टेबलावर बसला.

इथपर्यंत जमेची बाजू. खर्चाच्या बाजूला स्त्रिया आहेत.

1965 मध्ये एका अठरा वर्षांच्या मुलीने मारहाणीचा आरोप केला. ज्यूरीने ब्राउनला निर्दोष सोडलं. 1968 च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसमधल्या त्याच्या घराच्या सज्जाखाली एक तरुण मॉडेल जखमी अवस्थेत पोलिसांना सापडली. आपण पडलो, असं तिने सांगितलं; खटला उभा राहिला नाही. 1985 चा बलात्काराचा आरोप न्यायाधीशांनी फेटाळला. 1986 मध्ये त्याच्या वाग्दत्त वधूने तक्रार पुढे नेली नाही. गोल्फच्या मैदानावर एका जोडीदाराला मारल्याबद्दल 1978 मध्ये त्याला एक दिवसाची कैद झाली. म्हणजे पुरुषाला मारलं तेव्हा शिक्षा झाली, हा तपशील वाचून क्षणभर थांबायला होतं. 1999 मध्ये त्याने फावड्याने पत्नीच्या गाडीची काच फोडली. धमकी दिल्याच्या आरोपातून तो सुटला, मालमत्तेच्या नुकसानीबद्दल दोषी ठरला.

ब्राउनचे समर्थक म्हणतात, एकाही स्त्रीला मारल्याबद्दल त्याला न्यायालयाने कधी दोषी ठरवलं नाही. हे खरं आहे. ते असंही म्हणतात की बोलक्या, श्रीमंत, न झुकणाऱ्या कृष्णवर्णीय माणसावर पोलिसांचा डोळा होता. हेही बिनबुडाचं नाही. त्याच्यावर आणि त्याच्या संघटनेवर एफबीआयची नजर असल्याची कागदपत्रं पुढे आली आहेत. गाडीच्या प्रकरणात पत्नीने नंतर आपलं म्हणणं मागे घेतलं आणि ती शेवटपर्यंत त्याच्यासोबत राहिली, हेही नोंदवायला हवं. एवढं सगळं मान्य करूनही दोन गोष्टी उरतात. एक, 1989 च्या आत्मचरित्रात स्त्रियांवर हात उचलल्याची कबुली त्याने स्वतःच दिली आहे. दुसरी, आरोप करणाऱ्या स्त्रिया वेगवेगळ्या, शहरं वेगळी, दशकं वेगळी, आणि वर्णन तेच. पोलिसांचा पूर्वग्रह एखादं प्रकरण रचू शकतो. तीस-पस्तीस वर्षांची ही रांग त्याने उलगडत नाही.

पण आम्हाला सर्वांत खटकतं ते आणखी वेगळं. 1988 मध्ये ब्राउनने ‘अमेर-आय-कॅन’ नावाचा कार्यक्रम सुरू केला होता. तुरुंगातल्या कैद्यांना आणि टोळ्यांमधल्या पोरांना शिकवायचं काय, तर रागावर ताबा, आपल्या कृतीची जबाबदारी, घर सांभाळणं. हे काम दिखाऊ नव्हतं. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या टोळ्यांची पोरं हॉलिवुडच्या टेकडीवरच्या त्याच्या घरात समोरासमोर बसायची, आणि 1992 मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातल्या टोळ्यांनी तह केला त्यामागे अशा बैठकांचाही हात होता. किती पोरं त्यामुळे जगली याची मोजदाद होणार नाही. आणि तोच माणूस, गाडीच्या प्रकरणात न्यायालयाने समुपदेशन आणि समाजसेवेची शिक्षा सुनावली तेव्हा म्हणाला, ती मला मंजूर नाही. त्यापेक्षा तुरुंग बरा. 2002 मध्ये, 66 व्या वर्षी, त्याने जवळपास चार महिने तुरुंगात काढले. चाहत्यांनी याला बाणेदारपणा म्हटलं. जो धडा तो हजारो कैद्यांना द्यायचा, तोच दुसऱ्याकडून घ्यायची वेळ आली तेव्हा तो वर्गात बसला नाही. याला बाणा म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

यावरही एक उत्तर आहे, आणि ते हलकं नाही. तुरुंगातली पोरं त्याचं ऐकायची ती तो साधुसंत होता म्हणून नाही. अंगावर माती असलेल्या माणसाचा शब्द त्यांना पटायचा. खरं आहे. पण मग त्याने ती माती दाखवायला हवी होती. ‘मी चुकलो, असं चुकलो’ हे सांगणारा ब्राउन आम्हाला त्याच्या सार्वजनिक आयुष्यात शोधूनही फारसा सापडत नाही.

मग क्लीव्हलँडच्या स्टेडियमबाहेर 2016 मध्ये उभारलेला पुतळा हटवावा का? आम्हाला तसं वाटत नाही. पुतळा चेंडू घेऊन धावणाऱ्या माणसाचा आहे आणि तसं कोणी धावलं नाही. सर्वाधिक यार्ड धावणाऱ्याच्या पुरस्काराला लीगने त्याचं नाव दिलं, तेही रास्त. आमची हरकत त्यापुढच्या पायरीला आहे: ‘पुरुष असावा तर असा’ या गौरवाला, जो त्याच्या हयातीत सतत झाला आणि निधनानंतर वाढला. टोळ्यांच्या पोरांवरचे उपकार त्या स्त्रियांच्या खात्यातून वळते करता येत नाहीत. देणं ज्यांचं, त्यांनाच चुकवावं लागतं, आणि त्यांच्यापैकी कोणी ते माफ केलं असेल तर तो त्यांचा हक्क. पुतळ्याखाली फोटो काढणाऱ्यांचा नाही.

क्लीव्हलँडचं ते छायाचित्र आता अमेरिकेत शाळेतल्या मुलांनाही दाखवतात. टेबलामागे बसलेले आणि उभे असलेले सगळे पुरुष आहेत, सगळे सुटाबुटात, आणि ब्राउन अलीच्या शेजारी, चेहऱ्यावर काहीच न दाखवता. त्यानंतर जेमतेम वर्षभराने, पुढच्याच जूनमध्ये, पोलीस त्या सज्जाखाली पोहोचले होते. त्या रात्रीचं कागदावर उरलं ते एवढंच: ‘पडले’, असं तिने सांगितलं.