जर्नल कंप्लीट आहे, पण...

'जर्नल' म्हटलं की आपल्या होस्टेलमध्ये एकच चित्र डोळ्यांसमोर येतं. सबमिशनची आदली रात्र, कॉटवर पसरलेल्या फाइली, मधोमध सिनियरकडून आणलेलं गेल्या वर्षीचं जर्नल आणि त्याच्याभोवती छापायला बसलेले चौघे. रीडिंग आधी की रिझल्ट आधी, असले प्रश्न पहाटे तीनला कुणी विचारत नाही! रिझल्ट ठरलेला असतो, रीडिंगनी त्याला जुळवून घ्यायचं असतं.

अशा माणसाने दुसऱ्याला 'मनापासून वही लिहा' असं सांगावं हा विनोदच. पण गेल्या टर्मला मी तो केला. नाटकाच्या ग्रुपमधले आम्ही तिघं दर शनिवारी जवळच्या एका शाळेत नववीच्या मुलांचं गॅदरिंगचं नाटक बसवायला जायचो. माझ्या डोक्यात तेव्हा स्तानिस्लाव्हस्की शिरला होता. रशियातला हा थोर नट-दिग्दर्शक १८७७ साली घरच्या हौशी नाटकात उतरला तेव्हा १४ वर्षांचा होता, आणि तेव्हापासूनच तो आपल्या कामाची टिपणं वहीत लिहू लागला. पुढे १९३६ साली इंग्रजीत आलेलं त्याचं 'ॲन ॲक्टर प्रिपेअर्स' हे पुस्तकसुद्धा एका नाट्यविद्यार्थ्याच्या डायरीच्या रूपात आहे. के. नारायण काळे यांनी ते 'अभिनय साधना' या नावाने मराठीत आणलं. म्हटलं, १४ वर्षांचा मुलगा हे करतो, तर आपली नववीची पोरं का नाही?

वह्या वाटल्या. फळ्यावर प्रश्न लिहिला, 'आजची तालीम कशी झाली?' पंधरा वह्यांत एकच उत्तर : 'छान झाली. मजा आली. दादांनी छान शिकवलं.' थोडक्यात, जर्नल कंप्लीट!

चूक पोरांची नव्हती. प्रश्नच असा होता की त्याचं उत्तर आधीच ठरलेलं. मग पुढच्या शनिवारी प्रश्न बदलले. एन्ट्री घेण्याआधी तुझं पात्र कुठे होतं, काय करत होतं? समोरचा बोलताना तू ऐकत होतास की स्वतःच्या वाक्याची वाट बघत होतास? कुठलं वाक्य म्हणताना खोटं वाटतं?

या शेवटच्या प्रश्नाला आईचं काम करणाऱ्या मुलीने लिहिलं होतं : 'मला भूक नाही, हे वाक्य मी रागाने म्हणते. पण माझी आई ते रागाने म्हणत नाही. भात कमी असला की म्हणते.'

मी गारच पडलो. त्या दिवशी तिने ते वाक्य वाढता वाढता, पातेल्याकडे बघत, अगदी सहज म्हटलं. सगळा वर्ग शांत. आम्हा तिघांना महिनाभर ओरडून जे जमलं नव्हतं ते त्या तीन ओळींनी केलं.

आणि मग मी माती खाल्ली. कौतुकाच्या भरात तिची वही सगळ्यांसमोर वाचून दाखवली. टाळ्याही वाजल्या. पुढच्या शनिवारी तिच्या वहीत होतं, 'छान झाली. मजा आली.' आणि वाक्य पुन्हा रागात. मी जाऊन सॉरी म्हटलं. ती 'काही नाही दादा' म्हणाली. पण गॅदरिंगलाही ते रागातच आलं.

हे सगळं आता सांगायचं कारण म्हणजे आपल्या कॉलेजच्या ग्रुपमध्येही तालमीची वही सुरू करायचं चाललंय. काही सरांनी आपुलकीने सुचवलंय की ती तपासावी, मार्क द्यावेत, म्हणजे मुलं सीरियसली लिहितील. सरांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण मार्क आहेत म्हटल्यावर आपण काय करतो, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? दोन महिन्यांत त्या वहीचीही झेरॉक्स निघेल! आणि ज्याला खरंच लिहायचंय की 'दिग्दर्शक ओरडला की मला वाक्यच आठवत नाही', तो तपासल्या जाणाऱ्या वहीत ते कशाला लिहील?

न तपासता कुणी लिहिणारच नाही, असं म्हणतात. वीस जणांत दहा लिहिणार नाहीत, मान्य. न लिहू देत. माझं म्हणणं एवढंच : तालीम संपल्यावर दहा मिनिटं राखून ठेवा. फळ्यावर एकच नेमका प्रश्न लिहा. दिग्दर्शकाने, आणि हजर असतील तर सरांनीही, आपापल्या वहीत त्याचं उत्तर लिहावं. वही ज्याची त्याच्या बॅगेत. वाचून दाखवायची की नाही, हे त्याचं त्याने ठरवायचं.

लॅबच्या जर्नलला सही लागते, ती घेऊ. ही एक वही मात्र बिनसहीची राहू द्या.