विश्लेषण : बिबट्याच्या भीतीने कमरेला पिस्तूल? केडगावच्या शेतकऱ्याला कायदा काय देतो आणि ऊस काय देत नाही

जुन्नर, शिरूरपाठोपाठ दौंड तालुक्यातील भीमा आणि मुळा-मुठा काठच्या उसातही बिबट्या दिसू लागला आहे. रात्री दारं धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला हत्याराचा परवाना द्या, ही मागणी त्यामुळे गावागावांत ऐकू येते. त्यातच अमेरिकेतील शिकारी अस्वलांच्या जंगलात जाताना कमरेला दमदार सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल कसे लावतात, याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरत असतात. तसे पिस्तूल केडगाव परिसरातील शेतकऱ्याला मिळू शकते का? आणि मिळाले, तर ते त्याचा जीव वाचवेल का?

मागणी कुठून आली?

केडगाव हे गुळाच्या बाजारपेठेचे गाव. गुऱ्हाळे, साखर कारखाने आणि कालव्याचे पाणी यांमुळे या पट्ट्यात बाराही महिने कुठे ना कुठे ऊस उभा असतो. बिबट्याला लपायला, पिले घालायला आणि वाढवायला एवढी जागा पुरते. कुत्री, शेळ्या, डुकरे हे खाद्य वस्तीजवळच मिळते. उसात जन्मलेल्या बिबट्याच्या पिढ्यांना डोंगरातले जंगल ठाऊकच नाही. त्यांच्यासाठी ऊस हेच जंगल आहे.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात जे घडले, त्याने पुणे जिल्हा हादरला. काही आठवड्यांच्या अंतराने एक लहान मुलगी, एक वृद्ध महिला आणि एक १३ वर्षांचा मुलगा बिबट्याच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडले. संतप्त जमावाने वन विभागाचे वाहन पेटवले, महामार्ग रोखला. त्यानंतर रीतसर परवानगी घेऊन नेमबाजांच्या पथकाने बिबट्याला गोळ्या घातल्या. त्याच काळात शेतात जाणाऱ्या महिलांच्या गळ्यात काटेरी पट्टे दिसू लागले. माणसाने गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून खुरपायला जायचे, ही वेळ आल्यावर कुणी पिस्तूल मागितले तर त्याला हसता येणार नाही.

कोणते हत्यार मिळू शकते?

शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांनुसार परवाना लागतो. केडगाव पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येत असल्याने अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातो. पोलिसांचा अहवाल, वयाची किमान २१ वर्षे आणि हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण या पायऱ्या पार कराव्या लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच हत्यारे बाळगता येतात.

खरी मेख ‘बोअर’मध्ये आहे. लष्कर आणि पोलिस वापरतात ती ९ मिमी, .३८, .४५५ यांसारखी काडतुसे ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये मोडतात. ती केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय मिळत नाहीत. सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला प्रामुख्याने .३२ बोअरचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर येते. सरकारी आयुध कारखाने ते बनवतात. परदेशी हत्यारांची आयात खासगी व्यक्तींसाठी १९८० च्या दशकापासून बंद आहे. त्यामुळे व्हिडिओत दिसणारे दमदार पिस्तूल येथील दुकानात जाऊन निवडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

आकडे पाहिले की फरक कळतो. .३२ पिस्तुलाच्या गोळीची नळीतून बाहेर पडतानाची ऊर्जा साधारण १७० ते २०० ज्यूल असते. ९ मिमीची साधारण ४८० ज्यूल. अमेरिकेत अस्वलांच्या मुलखात नेले जाणारे १० मिमी पिस्तूल ७०० ज्यूलच्या पुढे जाते. बारा बोअरच्या बंदुकीची ऊर्जा त्याच्या कितीतरी पट असते. म्हणजे मिळू शकणारे पिस्तूल कमजोर आणि दमदार पिस्तूल मिळू न शकणारे, अशी ही स्थिती आहे.

मग शेतकऱ्यासाठी कायद्यात काहीच नाही का?

आहे, पण ते पिस्तूल नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची आणि स्वसंरक्षणासाठी किमान २० इंच नळीच्या गुळगुळीत बोअरच्या बंदुकीची स्वतंत्र तरतूद आहे. पीक राखायला ठासणीची पुरत नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तर दुसरी गुळगुळीत बोअरची बंदूकही देता येते. कोकण आणि गोव्यात रानडुकरे व माकडांपासून बागा राखण्यासाठी असे परवाने पिढ्यान्‌पिढ्या आहेत. निवडणूक आली की या बंदुका पोलिस ठाण्यात जमा करायला सांगितले जाते आणि नेमके तेव्हाच पीक उघडे पडते, ही तिथल्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे.

हत्यार मिळाले म्हणजे शिकारीचा परवाना मिळाला, असे मात्र नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे. पिकांची नासधूस करणारे रानडुक्कर किंवा रोही मारण्यासाठीही वन विभागाची परवानगी घ्यावी लागते. बिबट्याला तर कायद्यात सर्वोच्च संरक्षण मिळालेले आहे. त्याची शिकार केल्यास तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

अंगावर आलेल्या बिबट्याला मारले तर?

याबाबत गैरसमज मोठा आहे. ‘बिबट्याने खाल्ले तरी चालेल, पण त्याला हात लावला तर तुरुंग’ असे सर्रास बोलले जाते. ते खरे नाही. याच कायद्याच्या कलम ११(२) नुसार स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्हेतूने वन्यप्राण्याला मारणे किंवा जखमी करणे हा गुन्हा ठरत नाही. अट एकच, की ती वेळ आली तेव्हा ती व्यक्ती स्वतः या कायद्याचा भंग करत नसावी. मेलेला प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो, त्यामुळे घटना कळवणे आवश्यक असते.

हे संरक्षण कोयता, काठी, फावडे, बंदूक सगळ्यांना सारखेच लागू आहे. पण विनापरवाना हत्याराला ते वाचवत नाही. भीतीपोटी कुणी गावठी कट्टा घेतला, तर बिबट्याच्या प्रकरणातून सुटूनही शस्त्र कायद्याखाली तो स्वतंत्रपणे अडकतो.

पिस्तूल उपयोगी पडेल का?

बाजारातले सर्वांत दमदार पिस्तूल उद्या मिळाले असे गृहीत धरू. रात्री दोन वाजता थ्री फेज लाइट आली आहे. शेतकऱ्याच्या एका हातात खोरे, दुसऱ्या हातात बॅटरी, पाय चिखलात. उसाच्या दोन ओळींमध्ये चार-पाच फुटांचे अंतर, त्यात पाचट आणि काळोख. बिबट्या समोरून येऊन डरकाळी फोडत नाही. तो दबा धरतो आणि मागून किंवा बाजूने मानेवर झेप घेतो. कमी अंतरात तो ताशी ५० किलोमीटरहून अधिक वेग गाठतो. दहा मीटरवरून त्याला यायला एखादा सेकंदच लागतो. कमरेचे पिस्तूल काढून नेम धरायला सराव असलेल्या पोलिसालाही सुमारे दीड सेकंद लागतो. ही शर्यत सुरू होण्याआधीच हरलेली आहे.

अमेरिकेचा दाखलाही वाटतो तितका सरळ नाही. अलास्कात अस्वल आणि बंदूक यांचा सामना झालेल्या २६९ घटनांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. अस्वलाला रोखण्यात हँडगन बऱ्याचदा यशस्वी ठरल्याचे त्यात दिसले. पण ज्यांच्याकडे बंदूक होती, त्यांनी ती वापरली काय किंवा न वापरली काय, दुखापतीच्या प्रमाणात फरक आढळला नाही. शिवाय तो मुलूख विरळ वस्तीचा. इथे उसापलीकडे शेजाऱ्याचा गोठा असतो, बांधावर ऊसतोड मजुरांच्या कोप्या असतात, पलीकडच्या वाफ्यात भाऊबंद पाणी देत असतो. पाचटात काहीतरी खुसफुसले म्हणून अंधारात झाडलेली गोळी कुणाला लागेल, हे सांगता येत नाही.

गोळी लागलीच आणि बिबट्या मेला नाही, तर पुढचा धोका आणखी मोठा. जखमी बिबट्या त्याच उसात दडून राहतो आणि सकाळी तिथे खुरपायला येणाऱ्या बाईला त्याची कल्पनाही नसते.

सर्वांत महत्त्वाची बाब मात्र वेगळीच आहे. पिंपरखेड परिसरात बळी गेलेल्यांत एक चिमुरडी, एक आजी आणि एक शाळकरी मुलगा होता. यांपैकी कुणाच्याही कमरेला पिस्तूल असण्याची शक्यता नव्हती. घरातल्या कर्त्या पुरुषाला दिलेला परवाना अंगणात खेळणाऱ्या पोराचे रक्षण करत नाही. उलट घरात आणखी एक भरलेले हत्यार मात्र येते.

मग पकडून दूर सोडणे हा उपाय का नाही?

तो करून झाला आहे. २००१ नंतर जुन्नर परिसरात बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून इतरत्र सोडले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात त्यानंतर माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेल्याचे दिसून आले. एका बिबट्याची जागा रिकामी झाली की दुसरा येतो आणि अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या बिथरतो. माणिकडोहच्या निवारा केंद्रातील जागेलाही मर्यादा आहे. नरभक्षक ठरलेल्या बिबट्याला पकडणे, ते न जमल्यास ठार करणे आवश्यकच. कलम ११ ते अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांना देते. पण ते काम प्रशिक्षित पथकाचे आहे आणि ते वेळेत व्हायला हवे. पिंपरखेडमध्ये लोक चिडले, ते एकामागून एक बळी जाईपर्यंत निर्णय झाला नाही म्हणून.

मागायचे तर काय मागावे?

रात्रीच्या पाण्याचे मूळ रात्रीच्या विजेत आहे. शेतीपंपाला दिवसा वीज मिळाली, तर दोन वाजता उसात उभे राहण्याची वेळच येणार नाही. राज्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि सौर पंपांच्या योजना याचसाठी आहेत. बिबटप्रवण गावांचे फीडर त्यात आधी घ्या, ही मागणी पिस्तुलाच्या परवान्यापेक्षा शेकडो पटींनी अधिक जीव वाचवणारी आहे. तोवर मोबाइलवरून चालू होणारा स्टार्टर आणि ठिबक यांनी रात्रीच्या फेऱ्या कमी करता येतात.

घर आणि ऊस यांत मोकळा पट्टा ठेवणे, गोठा वरून-बाजूने जाळीने बंद करणे, अंगणात दिवा लावणे, मुलांना अंधार पडल्यावर एकटे न सोडणे, उघड्यावर न बसणे, शेतात जाताना सोबत घेणे आणि मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावत जाणे हे साधे उपाय आहेत. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला लहान भक्ष्यासारखा दिसतो, म्हणून खाली वाकून काम करणाऱ्यांच्या जवळ एकाने उभे राहून लक्ष ठेवावे. ऊसतोडीच्या हंगामात फडात पिले सापडली, तर त्यांना उचलू नये. मादी जवळच असते. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

यातला मोकळा पट्टा आणि गोठ्याची जाळी पैसे मागते. कोप्यांत राहणाऱ्या मजुरांना तर दरवाजाही नसतो. मृत्यूनंतर वारसांना २५ लाखांची मदत देणाऱ्या सरकारने त्याआधीच जाळी, दिवा आणि दिवसाची वीज यांवर खर्च करावा, असे म्हणण्याचा हक्क गावाला आहे.

थोडक्यात

नियमांत बसत असेल त्याने बंदुकीचा परवाना जरूर मागावा. कायद्याने तो मार्ग बंद केलेला नाही. परंतु गावाच्या सुरक्षेचा आराखडा कमरेच्या पिस्तुलावर उभा करता येत नाही. ज्याला परवडेल तो पिस्तूल घेईल आणि ज्याला परवडत नाही त्याची पोरे तशीच उघड्यावर राहतील. ग्रामसभेच्या ठरावात मागणी लिहायचीच असेल, तर पहिल्या ओळीत दिवसा वीज लिहावी.