कर गेला, नोंद राहावी

अमेरिकेत बंदुकीच्या ध्वनिशामकावरील २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला आहे. १९३४ च्या कायद्याने लादलेला हा कर महसुलासाठी नव्हताच. ग्राहकाला दुकानाच्या पायरीवरूनच परतविणे हा त्याचा हेतू होता.

हिरम पर्सी मॅक्सिम यांनी १९०९ साली या उपकरणाचे पेटंट घेतले. पुढे चित्रपटांनी ते मारेकऱ्याचे हत्यार ठरविले. वस्तुस्थिती निराळी आहे. एन.सी.सी.च्या छात्रांना परिचित असलेल्या पॉइंट टू-टू काडतुसाची, तरफ ओढून भरावयाची रायफल घ्या. ध्वनिशामकात स्फोटाचा वायू कप्प्याकप्प्यांतून मंदावत बाहेर पडतो. आवाज घटतो, नाहीसा होत नाही; गोळी ध्वनीहून वेगवान असेल तर तिचा कडाका उरतोच. नेमबाजाचे कान मात्र वाचतात. तेव्हा आरोग्यरक्षक साधनावर दंडवजा कर नको, हा युक्तिवाद रास्तच म्हणावा लागेल.

परंतु गोळीचा आवाज हीच शेजाऱ्यांना व पोलिसांना मिळणारी पहिली सूचना असते. ती क्षीण होणार असेल, तर उपकरण कोणाच्या हाती आहे हे शासनाला ठाऊक असलेच पाहिजे. नव्या कायद्याने बोटांचे ठसे, छायाचित्र व नोंदणी कायम ठेवली आहे. करच उरला नाही तर नोंदणी कशाला, असा सवाल करीत काही संघटना २०२५ मध्येच न्यायालयात गेल्या. करवसुलीचा अधिकार हाच मूळ कायद्याचा आधार असल्याने हा सवाल पोकळ नाही. म्हणूनच अमेरिकी संसदेने नोंदणीला स्वतंत्र आधार द्यावा. कानांची काळजी घेताना डोळे मिटून घेणे शहाणपणाचे नव्हे.