नाकाचे टाके आणि फडातले ऊन

नाकाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला घरी सोडताना डॉक्टर सांगतात, काही महिने उन्हात जाऊ नका. सल्ला बिनचूक आहे. पण बीड जिल्ह्यात तो ऐकणाऱ्या बऱ्याच जणांचे पोट उन्हातच भरते, आणि पुढे काय करायचे हे त्यांना कोणी सांगत नाही.

नाकाची शस्त्रक्रिया म्हणजे चित्रपटातल्या लोकांचे चोचले, असा समज अजून आहे. प्रत्यक्षात मोटारसायकलवरून तोंडावर आपटलेला तरुण, बैलाचे शिंग लागलेला शेतकरी, चमकी ओढली जाऊन नाकपुडी फाटलेली बाई, श्वास कोंडतो म्हणून ‘नाकाचे वाकडे हाड’ सरळ करून घेणारा विद्यार्थी, असे साधे लोक या टेबलावर येतात. यातली हाड सरळ करण्याची शस्त्रक्रिया बहुतेक वेळा नाकाच्या आतूनच होते. बाहेर व्रण नसतो, त्यामुळे तिथे व्रण काळा पडण्याची काळजी नाही. उष्णतेने आणि ओझ्याने रक्त येण्याची मात्र आहे. बाहेरून टाके पडले, कातडी उचलली किंवा दुसरीकडची कातडी लावली, की उन्हाचा प्रश्न सुरू होतो.

टाके साधारण पाच ते सात दिवसांत निघतात आणि घरच्यांना वाटते, झाले. आत मात्र काम चालूच असते. व्रण परिपक्व होऊन फिका पडायला सहा महिने ते वर्ष लागते, कधी त्याहून जास्त. तोवर तिथे दाह असतो आणि रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी चेतलेल्या असतात. त्यावर सूर्याचे अतिनील किरण पडले की त्या जास्तच रंग ओततात. गव्हाळ आणि सावळ्या कातडीत हे अधिक ठळक होते. गुलाबी रेघेची तपकिरी-काळी रेघ होते आणि ती लवकर हटत नाही. शिवाय शस्त्रक्रियेत बारीक नसा दुखावल्याने नाकाचा शेंडा काही आठवडे बधिर राहतो. कातडी भाजते आहे हे माणसाला कळतच नाही. जखमेसाठी डॉक्सिसायक्लिन दिले असेल तर आणखी जपायला हवे, कारण ते घेत असताना कातडी उन्हाने चटकन भाजते.

बीडमध्ये हे सगळे ऊसतोडीच्या गणितात येऊन अडकते. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागातून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली असते. एक दिवस फडात गेले नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे पुन्हा अंगावर. अशा बाईला सहा महिने सावलीत बसा म्हणणे म्हणजे काहीच न सांगण्यासारखे आहे. त्यात हंगाम हिवाळ्याचा, म्हणून ऊन सोसवते. पण अतिनील किरण उष्णतेवर मोजता येत नाहीत. डिसेंबरच्या गार दुपारीही ते व्रण काळा करायला पुरेसे असतात. पाचटाचे ओरखडे आणि मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढणे वेगळेच.

या जिल्ह्याने शस्त्रक्रियेनंतरची हेळसांड पाहिली आहे. गर्भाशये काढल्याचे प्रकरण 2019 मध्ये गाजले तेव्हा झालेल्या सर्वेक्षणात 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. विषय फार वेगळा आणि कितीतरी गंभीर आहे, पण शस्त्रक्रिया झाली की बाई पुन्हा कोयता उचलणार, हे गृहीत धरण्याची सवय तीच.

नाक नव्याने घडवण्याची विद्या महाराष्ट्राला परकी नाही. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर 1794 मध्ये कावसजी नावाच्या मराठी गाडीवानाची हकिगत छापून आली. तो इंग्रजी फौजेत बैल हाकत असे. टिपूच्या लोकांनी पकडून त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका वीटभट्टीवाल्या कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक दिले. ते वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने 1814 मध्ये तशी शस्त्रक्रिया केली. त्या हकिगतीतला नंतरच्या काळजीचा तपशील वाचण्यासारखा आहे. सांधा जुळून राहावा म्हणून काथ लावलेल्या कापडाच्या पट्ट्या एकावर एक, चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेली फडकी, पाच-सहा दिवस रुग्ण उताणा निजलेला, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापड. कपाळावरचा व्रण काही काळाने फारसा दिसत नाही, असेही त्यात नोंदले आहे. कावसजीला ईस्ट इंडिया कंपनीचे पेन्शन होते, म्हणजे पोटाची काही तरी सोय होती. फडातल्या बाईला ती नाही.

मग उन्हात काम करणाऱ्याने काय करावे? गांधी टोपीला किंवा फेट्याला काठ नसतो, त्यामुळे नाकावर सावली पडत नाही; रुंद काठाची टोपी हवी. नाकाचे हाड बसवले असेल तर चष्मा किंवा गॉगल काही आठवडे नाकावर टेकवायचा नाही. चेहऱ्यावर कापड घ्यायचे ते घट्ट विणीचे, गडद रंगाचे आणि सैल. घामाने ओले झालेले विरळ सुती कापड ऊन आत सोडते, म्हणून ते बदलावे. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड दिसू लागली की ऊन कडक झाले असे समजावे, घड्याळाची गरज नाही. जखम पूर्ण भरल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर एसपीएफ 30 किंवा जास्तीचे सनस्क्रीन, शक्यतो झिंक ऑक्साइडचे, दर दोन तासांनी. व्रणावर लिंबू चोळणे तर अजिबात नको; लिंबाचा रस लावून उन्हात गेले तर कातडी भाजते आणि डाग उलट वाढतो. गोरे करणारी स्टेरॉइडची मलमे ओळखीच्या दुकानातून आणून लावणेही तितकेच घातक.

खरी अडचण पैशांची. पन्नास ग्रॅमची बरी ट्यूब तीन-चारशे रुपयांच्या घरात जाते. आपला कायदा सनस्क्रीनला प्रसाधन मानतो, आणि प्रसाधन सरकारी औषधखिडकीवर कोण देणार? लिपस्टिकच्या रांगेत बसवलेली ही वस्तू टाके पडलेल्या माणसासाठी मलमपट्टीइतकीच उपचाराचा भाग आहे. अंबाजोगाईला 1974 पासून स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे. चेहऱ्यावर टाके पडलेल्या प्रत्येकाला अशा ठिकाणी एक ट्यूब आणि मराठीत छापलेले कार्ड मिळाले, तर शासनावर मोठा बोजा पडणार नाही. केवळ नाकाचा आणि व्रणाचा भाग झाकायला ती ट्यूब बरेच आठवडे पुरते.

दुसरी गोष्ट वेळेची. अपघाताला मुहूर्त नसतो, पण वाकडे हाड किंवा जुना व्रण दुरुस्त करायला तारीख निवडता येते. टोळ्या मार्च-एप्रिलात गावी परततात. जूनमध्ये आभाळ भरून आल्यावर शस्त्रक्रिया केली तर पुढच्या हंगामापर्यंत चार महिने हाती असतात. रुग्ण ऊसतोडीला जातो का, हा प्रश्न तारीख देतानाच विचारायला हवा.

आणि ऑक्टोबरात टाके पडलेच तर? ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे पैसे घेण्याची तरतूद आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या विश्रांतीच्या दिवसांचा खाडा लागू नये आणि त्या दिवसांची मजुरी या निधीतून मिळावी, एवढा नियम महामंडळाने येत्या हंगामाआधी करावा.