तारकर्लीला निघालात? रेटआधी हे विचारा
आपल्या छत्रपती संभाजीनगरकरांचा जवळचा समुद्र म्हणजे पैठणचा नाथसागर! त्यामुळे सुट्टी लागली की गाड्या थेट मालवणकडे. तारकर्लीचा किनारा, स्कूबा, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी, सगळं भारीच. पण आपण विहिरीत पोहायला शिकलेले. समुद्राचं गणित वेगळं. पाणी आत ओढू लागलं तर सरळ किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, दमछाक होते. आधी किनाऱ्याला समांतर पोहत त्या प्रवाहातून बाजूला व्हायचं, मग परतायचं.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीत स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली, दोघांचा मृत्यू झाला. तरीही आपण रेटसाठी घासाघीस करतो, लाइफ जॅकेट किती आहेत हे विचारतच नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच हवा. प्रत्येकाला जॅकेट नसेल तर अ‍ॅडव्हान्स बुडाला तरी चालेल, बोटीत बसू नका.